जोशींचा वाढदिवस आणि नंतरची पस्तीस वर्षे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी चोरांविषयी बोलावे, हे काहीसे विपरीतच. कार्यवाहांनी हा विषय सुचविला तेव्हा मी त्यांना तसे म्हटलेही. मागल्या रविवारी येथे नाट्यसंगीत झाले, पुढल्या रविवारी ज्ञानेश्वरीवर प्रवचन आहे. मध्येच ही संगणकातली कीड कशाला? त्यावर ते एवढेच म्हणाले, "काका, गेल्या वर्षी जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून." गेल्या वर्षी काय झाले ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांना ते मी शेवटी सांगेन, आणि त्यात माझा वाटा काय होता तेही सांगेन.

आरंभ मात्र जुन्या गोष्टीने करू द्या. १९८३ साली मी गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरलो तो एका कचेरीच्या संगणक विभागात नोकरी धरण्यासाठी. त्या काळी संगणक हे देवघरासारखे प्रकरण होते. खोली थंड, दाराशी पादत्राणे काढावयाची, आत मोठ्याने बोलावयाचे नाही. पुढे टेबलावर मावणारी यंत्रे आली आणि सोवळे संपले. माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात न्यावयाची तर फ्लॉपीतून. मुंबईहून येणारा जाणारा माणूस जसा चकल्यांचा डबा आणी, तशा पाचदहा फ्लॉप्याही आणी. त्यांच्याबरोबर आणखी काय येत असे, याची कोणाला कल्पना नव्हती.

५ जानेवारी १९९३, मंगळवार. सकाळी पगारपत्रकांचे काम सुरू करावे म्हणून यंत्र चालू केले, तो पडद्यावर एक ओळ उमटली. 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करा, अशी ती आज्ञा होती. काहीही दाबले तरी यंत्र हलेना. दुसरे यंत्र लावले, तेथेही जोशी. तिसऱ्यावरही जोशी. आमच्या विभागात या आडनावाचे दोन गृहस्थ होते. एक आपले नागपूरकडचे, दुसरे अल्मोड्याचे. बंगाली साहेबांनी दोघांनाही बोलावून अत्यंत गंभीरपणे विचारले, "जोशीबाबू, आपनार जन्मोदिन कबे?" आपले जोशी तिथीने वाढदिवस करणारे, ते म्हणाले, पंचांग पाहून सांगावे लागेल. अखेर कोणीतरी ते अभीष्टचिंतन मुकाट्याने टाइप केले आणि यंत्र काही न झाल्यासारखे पुढे चालू लागले. कचेरीत आठवडाभर हसणे चालले होते. त्या दोघांना मात्र ते फारसे रुचले नाही.

हा 'जोशी' विषाणू प्रथम आढळला तो १९९० साली, आणि तो आपल्या भारतातच. त्याचा कर्ता कोण, आपला की अल्मोड्याचा, हे आजवर उघड झालेले नाही. ज्याने तो लिहिला त्याला विद्या मात्र चांगली अवगत होती. फ्लॉपीच्या अगदी आरंभीच्या भागात, जेथून यंत्र जागे होताना पहिल्या आज्ञा वाचते, तेथे हा बसे. चुकून फ्लॉपी आत ठेवून यंत्र सुरू केले की तो यंत्राच्या स्मरणात शिरे, चकतीवर आपली प्रत ठेवी आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीला आपला प्रसाद देई. आपण तीन कळा दाबून यंत्र पुन्हा सुरू केले, तरी हा स्मरणात टिकून राही. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस त्याचे अस्तित्व जाणवत नसे. विजेचे बटण बंद करून, स्वच्छ फ्लॉपीने यंत्र उठवूनच त्याला घालवावे लागे. त्याच्याही आधी, १९८६ साली, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा विषाणू जगभर हिंडून आला होता. त्या सरळ माणसांनी आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही आज्ञावलीतच लिहून ठेवले होते. आजच्या चोरांना हे सांगितले तर ते पोट धरून हसतील.

या पिडेतून उद्योगही उभे राहिले. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले विषाणू पाहिले, संजयरावांनी त्यांवर उतारे लिहिले, आणि त्यातून 'क्विक हील' जन्मास आले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल.

विषाणूला फ्लॉपी लागे, म्हणजे माणसाचा हात लागे. ज्याला हात लागत नाही अशा जातीला कृमी म्हणतात, आणि त्याची कथा मला सर्वांत बोधप्रद वाटते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक लहानशी आज्ञावली जाळ्यात सोडली. त्या वेळी त्या जाळ्यात सुमारे साठ हजार यंत्रे होती असा अंदाज करतात. त्यांतली सहा हजारांच्या आसपास तिने जायबंदी केली. हा मुलगा कोणाचा? अमेरिकेच्या सरकारी गुप्तलेखन संस्थेतल्या, संगणकांच्या सुरक्षिततेवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या शास्त्रज्ञाचा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ती आज्ञावली आत शिरली कशी, हे समजले की पुढल्या पस्तीस वर्षांतले निम्मे प्रकार समजतात; म्हणून येथे जरा थांबतो. आपल्या मंडळाची वर्गणीची वही डोळ्यांसमोर आणा. नावासाठी एक रकाना आहे. त्याच्या शेजारच्या रकान्यात कार्यवाहांनी खजिनदारांसाठी सूचना लिहून ठेवली आहे, 'पाचशे रुपये जमा करून घ्यावेत.' आता एक पाहुणा येतो आणि आपले नाव इतके लांबलचक लिहितो की ते रकाना ओलांडून शेजारी जाते, कार्यवाहांची सूचना पुसते, आणि त्या जागी अक्षरे उमटतात, 'या गृहस्थांस पाच हजार रुपये द्यावेत.' खजिनदार आज्ञाधारक आहेत. ते अक्षर कोणाचे ते पाहत नाहीत. त्या रकान्यात लिहिलेले ते पाळतात. संगणक हा असा खजिनदार आहे. मॉरिसच्या कृमीने, यंत्रावर कोण काम करीत आहे ते सांगणाऱ्या एका साध्या आज्ञावलीला प्रश्न विचारला. त्या प्रश्नासाठी ५१२ अक्षरांची जागा राखलेली होती. कृमीने ५३६ पाठविली. लिहिणाऱ्याने लांबी मोजण्याची एक ओळ लिहिली असती तर ती वाट बंद झाली असती. अशा न लिहिलेल्या ओळीला आमच्या धंद्यात फट म्हणतात. फट म्हणजे कोणाचे पाप नव्हे, बहुधा ती संध्याकाळी घरी जाण्याच्या घाईत राहिलेली असते.

मॉरिसला यंत्रे बंद पाडावयाची नव्हती, असे तो म्हणाला. कृमीने आत जाण्यापूर्वी आपला भाऊबंद तेथे आधीच आहे का ते विचारावे, अशी त्याने योजना केली होती. परंतु कोणी खोटे 'आहे' म्हणून त्याला परतवील, या भीतीने सातांतून एकदा उत्तर काहीही असो, ठाण मांडावयाचे, असे त्याने ठरविले. त्या एकसप्तमांशाने घात केला. एकेका यंत्रात इतक्या प्रती झाल्या की यंत्रांना श्वास घेता येईना. न्यायालयाने त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, चारशे तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

फट सापडली की लिहिणारे ती बुजविण्यासाठी ठिगळ काढतात आणि सर्वांना वाटतात. येथपर्यंत ठीक. पण ठिगळ मिळणे वेगळे आणि लावणे वेगळे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका फटीचे ठिगळ प्रसिद्ध केले. ही फट अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होती. तिने ती आपल्या उपयोगासाठी झाकून ठेवली होती, आणि तिच्याकडूनच ती विद्या चोरीस जाऊन चव्हाट्यावर आली. ठिगळ आल्यानंतर दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा कृमी सुटला. त्याने दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक यंत्रांना कुलूप घातले आणि किल्लीसाठी तीनशे डॉलरची खंडणी मागितली. इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्यांनी ठिगळ लावले होते त्यांची झोप मोडली नाही. मार्कस हचिन्स नावाच्या बावीस वर्षांच्या एका इंग्रज तरुणाला कृमीच्या पोटात एका अस्तित्वात नसलेल्या ठिकाणाचा पत्ता आढळला. त्याने सुमारे दहा डॉलर खर्चून तो पत्ता आपल्या नावे नोंदविला, आणि कृमीचा प्रसार थांबला. कारण त्या पत्त्यावरून उत्तर आले तर थांबावयाचे, असे त्यात लिहिलेले होते.

त्यानंतर तरी जगाने ठिगळे लावली असतील, असे आपणांस वाटेल. पुढल्याच महिन्यात, २७ जून रोजी, तीच फट वापरणारा दुसरा कृमी युक्रेनमध्ये सुटला. तेथील व्यापारी हिशेबासाठी जी आज्ञावली वापरतात, तिच्या अधिकृत सुधारणेतूनच तो घरोघर पोचला. म्हणजे दूधवाल्याच्या हातूनच विष आले. त्यात आणखी मेख अशी की, एकाच यंत्राला ठिगळ लागलेले नसले तरी तेथून परवलीचे शब्द उचलून हा ठिगळ लावलेल्या यंत्रांतही शिरे. खंडणीचे सोंग होते, परंतु पैसे देऊनही काही परत मिळण्याची सोय नव्हती. उद्देश नाशाचा होता. ब्रिटन आणि अमेरिकेने पुढे त्याचा दोष रशियाच्या लष्करावर ठेवला. आणि हे युद्ध कोठवर पोचले? आपल्या न्हावाशेव्यापर्यंत. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले, आणि तिच्या उपकंपनीकडे असलेला जवाहरलाल नेहरू बंदरातला धक्का ठप्प झाला. उरणच्या रस्त्यावर कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या ट्रकचालकाला युक्रेन कोठे आहे ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मर्स्कच्या कथेतला एक भाग मी मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्यासारख्यांना कळेल. त्यांच्या साऱ्या यंत्रांची ओळख ठेवणारी जी मुख्य वही असते, तिच्या प्रती जगभर ठेवलेल्या होत्या. त्या सर्व एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे एकाच वेळी नष्ट झाल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का वाचली? तर त्या वेळी तेथे वीज गेलेली होती! साऱ्या आयुष्यात भारनियमनाला शिव्या दिलेल्या माणसाने हे वाचून काय म्हणावे? ती प्रत माणसांच्या हाती इंग्लंडला नेली, आणि दहा दिवसांत चार हजार मोठी व पंचेचाळीस हजार लहान यंत्रे नव्याने उभी केली. त्या वर्षी त्यांचे सुमारे तीस कोटी डॉलरचे नुकसान झाले. आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी आणि जुनी छायाचित्रे एका वेगळ्या चकतीवर घेऊन ती चकती यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी, असा हट्ट मी धरतो तो या घानामुळे. जोडलेली प्रत ही प्रत नव्हेच.

आता पुण्याकडे येऊ. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस बँक ठाऊक नाही असा पुणेकर विरळा. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ तारखेच्या शनिवारी, अठ्ठावीस देशांतल्या रोकड यंत्रांतून काही तासांत सुमारे बारा हजार वेळा पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, हाँगकाँगला जवळजवळ चौदा कोटी रुपये पाठविले गेले. एकंदर नुकसान ९४ कोटींचे. हे घडले कसे? आपण यंत्रात कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, यांच्या खात्यात पैसे आहेत का? चोरांनी बँकेत शिरून त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या ठिकाणी आपला तोतया बसविला. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत जाईचना. तोतया प्रत्येक वेळी 'आहेत, द्या' म्हणे. म्हणून ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही; गेले ते बँकेचे. शेकडो माणसे बनावट कार्डे घेऊन, एकाच वेळी, निरनिराळ्या देशांत यंत्रांपुढे उभी राहिली. ही केवळ संगणकाची करामत नव्हे, फौजेची शिस्त आहे. या देशातल्या यंत्रांतून ज्यांनी पैसे काढले त्यांच्यापैकी अकरा जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरविले. सूत्रे हलविणारे परदेशात होते.

जोशींच्या वाढदिवसापासून येथवरचा प्रवास हा खोडीपासून धंद्यापर्यंतचा, आणि धंद्यापासून राजकारणापर्यंतचा आहे. त्याविषयी आणखी पुष्कळ सांगता येईल. परंतु २०२४ सालची एक घटना सांगून मी आपल्या गावाकडे वळतो. 'एक्सझेड' नावाची एक आज्ञावली आहे. माहिती दाबून लहान करणे एवढेच तिचे काम. पण जगातल्या असंख्य मोठ्या यंत्रांत ती असते. तिचे सारे काम अनेक वर्षे फिनलंडमधला एक गृहस्थ विनामोबदला, हौसेने करीत होता. थकला होता. लोक मात्र तगादा लावीत, हे का झाले नाही, ते कधी होणार? अशा वेळी २०२१ च्या सुमारास एक नवा स्वयंसेवक आला. नम्र, कामसू, चिकाटीचा. दोनेक वर्षांत त्याने एवढा विश्वास संपादन केला की किल्ल्या त्याच्या हाती आल्या. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने त्या आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसविला. तो माणूस कोण, एक की अनेक, हे अजून कळलेले नाही. ही गोष्ट वाचताना मला आपल्या मंडळाचे जुने कार्यवाह आठवले. वीस वर्षे एकट्याने हॉलची नोंदणी, गणपतीची वर्गणी, वाचनालय सांभाळणारे, आणि सभेत ज्यांच्यावर सर्वांनी टीका केली ते. सुदैवाने आपल्या मंडळाकडे चोरण्यासारखे काही नव्हते.

तो चोरदरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक अभियंता वेगळ्याच कामात होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्याच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! आपण जांभई देतो त्यालाही अधिक वेळ लागतो. त्याने ते सोडून दिले नाही. धागा ओढत तो मुळाशी पोचला आणि २९ मार्च रोजी त्याने जगाला जाहीर सांगितले. तो चोरदरवाजा बहुतेक यंत्रांपर्यंत पोचण्यापूर्वीच बुजला.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर आपल्याच एका सभासदाच्या क्रमांकावरून निरोप आला, 'लग्नाला नक्की यायचं हं', आणि खाली एक लग्नपत्रिका. मी ती पाहिली. पत्रिका चित्राच्या रूपात येते. हिच्या नावाचा शेवट 'एपीके' या तीन अक्षरांत होता. म्हणजे ते चित्र नव्हते, फोनमध्ये बसविण्याची आज्ञावली होती. मला ते त्याच क्षणी कळले. चाळीस वर्षे याच कामात घालविली आहेत. मी म्हटले, आता एवढ्या रात्री कोणाला उठवावयाचे, सकाळी त्यांना फोन करू. आणि मी झोपलो.

आपल्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने, आपण सारे त्यांना बाई म्हणतो, ती पत्रिका उघडली. दूर राहणाऱ्या माणसाला गावाकडच्या लग्नाची पत्रिका म्हणजे काय असते, ते मी आपणांस सांगावयास नको. फोनने दोनचार परवानग्या मागितल्या. बाईंनी 'हो' म्हटले, जसे आपण सगळेच म्हणतो. पत्रिका काही दिसली नाही. त्या आज्ञावलीने मात्र बँकेकडून येणारे निरोप वाचावयास आणि परवलीचे आकडे भलत्यांना पोचवावयास सुरुवात केली. पहाटेपर्यंत चार लाख बारा हजार रुपये गेले. शिवाय तीच पत्रिका बाईंच्या नावाने त्यांच्या ओळखीच्या सर्वांकडे गेली; आपल्यातल्या आणखी दोन घरांचे नुकसान त्यातून झाले.

बाईंनी हे नऊ दिवस कोणालाही सांगितले नाही. पुण्याच्या मुलालाही नाही. १९३० हा सरकारी दूरध्वनी क्रमांक अशाच प्रसंगासाठी आहे. तासादोन तासांत कळविले तर पैसा वाटेतल्या एखाद्या खात्यात अडविता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांनी तेथे काय उरणार? पोलिसांत तक्रार देण्यास मी त्यांच्याबरोबर गेलो. परतताना टॅक्सीत त्या म्हणाल्या, "इतक्या मुलांना वाचायला शिकवलं, आणि मलाच शेवटची तीन अक्षरं वाचता आली नाहीत." मी त्यांना सांगितले, "बाई, मला ती वाचता आली होती." त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग हे सभेत सांगा. माझं नाव नका घेऊ, पण तुमचं घ्या." म्हणून आज हे सांगितले.

त्यानंतर कार्यकारिणीने काय केले ते आपण वाचनालयाच्या दाराशी पाहिले असेल. मोठ्या अक्षरांत १९३० हा क्रमांक, आणि त्याखाली तीन दूरध्वनी क्रमांक. दोन आपल्या तरुण सभासदांचे, एक माझा. शंका आली तर कोणत्याही वेळी फोन करावा, असे लिहिले आहे. चोरीस गेले तरी करावा, असेही लिहिले आहे. ही दुसरी ओळ बाईंनी घालावयास लावली. सीबीआयचे किंवा पोलिसांचे नाव सांगून, फोनवरच तुम्हांला अटक झाली आहे असे दरडावणारे जे लोक आहेत, त्यांच्याविषयीही तेथे लिहिले आहे. फोनवर अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. तो फोन ठेवून आम्हांला करावा.

लोक करतात. गेल्या महिन्यात रात्री पावणेबारा वाजता बाईंचाच फोन आला. पुन्हा पत्रिका आली होती, अनोळखी क्रमांकावरून. मी नावाचा शेवट वाचावयास सांगितला. त्यांनी एकेक अक्षर सावकाश वाचून दाखविले. ते 'पीडीएफ' होते. तरीही आम्ही सकाळपर्यंत थांबलो आणि त्यांच्या भाचीला साताऱ्याला फोन करून विचारले. पत्रिका खरी निघाली. फोन तिने नवा घेतला होता. लग्न मार्गशीर्षात आहे, आणि बाईंनी गीतांजलीची तिकिटे काढली आहेत.